एका शब्दाचा भार

रविवारची सकाळ होती. चहा घेऊन वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच फाटकाची कडी वाजली. पाहतो तो माझा एक जुना विद्यार्थी. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेची उपकरणे तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो गेली काही वर्षे नोकरीस आहे. शाळेत असताना मराठीत चांगले गुण मिळवणारा, पण पुढे यंत्रविद्येकडे वळलेला हा मुलगा सणावारी नमस्कारास येतो. परंतु हातात कागदांचे भेंडोळे घेऊन येण्याची ही पहिलीच वेळ.

"सर, थोडं काम होतं. भाषेचं आहे, म्हणून तुमच्याकडे आलो."

"कोणत्या भाषेचं?"

"स्पॅनिश," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळून हसला.

आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसापुढे कोणी स्पॅनिश कागद आणून ठेवावेत, हा योग मोठा चमत्कारिकच म्हणावयाचा! पण त्याची अडचण ऐकली आणि ध्यानात आले की, मुलगा योग्य त्याच दारी आला आहे. कारण त्याची अडचण स्पॅनिशची नव्हतीच. ती होती एका इंग्रजी शब्दाची, आणि तो शब्द आपल्या घरादारांत, कचेऱ्यांत, शाळांत गेली शंभर वर्षे ठाण मांडून बसलेला आहे. तो शब्द म्हणजे 'चार्ज'.

हकीकत अशी. त्यांच्या कारखान्याचे एक उपकरण दक्षिण अमेरिकेत विकले जाऊ लागले होते. त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती स्पॅनिशमध्ये करणे भाग पडले. हल्ली अशी कामे संगणकाकडून करवून घेतात. कोणा हुशार अधिकाऱ्याने असा दंडक घालून दिला की, पुस्तिकेत एकसूत्रता राहावी म्हणून एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच स्पॅनिश शब्द योजावा. 'चार्ज'साठी शब्द ठरला 'कार्गा'. संगणक आज्ञाधारक! त्याने सात ठिकाणी निमूटपणे 'कार्गा' लिहिले. त्यांपैकी बॅटरीच्या ठिकाणी तो चपखल बसला. पण हमीपत्रात जेथे मुळात 'बिघडलेली बॅटरी विनामूल्य बदलून मिळेल' अशा अर्थाचे वाक्य होते, तेथेही 'चार्ज' हाच शब्द होता. स्पॅनिशमध्ये विनामूल्य याला 'सिन कार्गो' म्हणतात. पुस्तिकेत छापले गेले 'सिन कार्गा'. एका स्वराचा काय तो फरक. पण 'सिन कार्गा' म्हणजे भाराविना, रिकामी. तिकडच्या विक्रेत्याने पत्र धाडून विचारले, "बिघडलेली बॅटरी बदलून देताना तुम्ही ती मुद्दाम उतरलेली का देता?"

सांगता सांगता तो मुलगा खदखदून हसला. मीही हसलो, पण त्याच्या अपेक्षेइतका नाही, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

एक शब्द, अनेक घरे

आम्ही दोघे कागदपेन्सिल घेऊन बसलो आणि या एका नामाचे किती अर्थ होतात, ते मांडू लागलो. शाळेत मुख्याध्यापक बदलला म्हणजे नवा माणूस 'चार्ज' घेतो. तो कार्यभार अथवा पदभार. पोलीस न्यायालयात 'चार्जशीट' दाखल करतात; ते आरोपपत्र, आणि कायद्याच्या काटेकोर मराठीत दोषारोपपत्र. विजेच्या बिलात जो 'फिक्स्ड चार्ज' असतो, त्याला महाराष्ट्रातील बिलावर स्थिर आकार म्हटलेले असते. विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनवर असतो तो विद्युतप्रभार. जमावावर होतो तो लाठीमार. घोडदळाचा 'चार्ज' म्हणजे एकवट धडक, हल्ला. बंदुकीत ठासलेली दारू हाही 'चार्ज'च. आमच्या मकरपुऱ्यातील ओतशाळांत भट्टीमध्ये एका वेळी जे लोखंड, भंगार इत्यादी टाकतात, त्यालाही कारागीर 'चार्ज' म्हणतात. आपण त्यास भट्टीचे भरण म्हणू. आणि शेवटचा अर्थ माझ्या व्यवसायाला फार जवळचा. एखाद्याच्या देखरेखीखाली सोपविलेले मूल, त्यासही इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी किती सुंदर शब्द आहे: पाल्य.

मोजून पाहिले तर नऊ अर्थ निघाले. इंग्रजी माणसाचे एका शब्दात भागते. मराठी माणसाला नऊ घरे पुजावी लागतात. यावरून कोणी म्हणेल की इंग्रजी मोठी काटकसरी भाषा आणि मराठी उधळी. कोणी उलटही म्हणेल की मराठी संपन्न आणि इंग्रजी गरीब. दोन्ही म्हणणी उथळ आहेत. मराठीच्या एका 'भाव' या शब्दाचे इंग्रजीत भाषांतर करावयास बसा. बाजारातला भाव, देवावरचा भाव, चेहऱ्यावरचा भाव आणि 'त्याला कोणी भाव देत नाही' यातला भाव! इंग्रज बिचारा पाणी मागेल. प्रत्येक भाषेत असे काही शब्द बारा गावचे पाणी प्यालेले असतात. भाषांतर करणाऱ्याची कसोटी त्यांच्यापाशीच लागते.

येथे आपल्या मराठीची एक खुबी सांगितली पाहिजे. 'चार्ज' हा शब्द आपण जसाच्या तसा घेतला खरा, पण त्याच्या अर्थाची वाटणी मात्र आपण आपल्या क्रियापदांकडून करवून घेतली. चार्ज 'घेतला' किंवा 'दिला' म्हटले की पद. चार्ज 'लावला' म्हटले की पैसे. चार्ज 'ठेवला' म्हटले की आरोप. चार्ज 'केला' म्हटले की बॅटरी नाही तर लाठी. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही. शब्द परका, पण त्याला ओळखणारी दृष्टी घरचीच.

मुळाशी एक गाडी

मुलाने सोबत एक जाडजूड इंग्रजी-स्पॅनिश कोश आणला होता. त्यात 'चार्ज'समोर शब्दांची ही मोठी रांग. पण त्या रांगेतील दोन शब्द मला पुन्हा पुन्हा दिसू लागले, 'कार्गो' आणि 'कार्गा'. सख्खी भावंडेच जणू. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. पद, आरोप, हिशेबातील नावे टाकलेली रक्कम, ही सारी 'कार्गो'च्या वाट्याला गेलेली. ओझे, विजेचा भार, घोडदळाचा हल्ला, ही 'कार्गा'च्या. स्पॅनिश माणसाने नऊ घरे केली नाहीत. त्याने एकाच वाड्यात दोन चौक काढले.

असे का व्हावे? याचे उत्तर शब्दाच्या जन्मकुंडलीत आहे. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे ओझ्याची गाडी. त्यावरून पुढे 'गाडीत ओझे भरणे' या अर्थाचे क्रियापद झाले. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आले आणि स्पेनमध्ये 'कार्गो-कार्गा' होऊन राहिले. जहाजावरच्या मालाला इंग्रजीत 'कार्गो' म्हणतात, तो शब्द तर इंग्रजांनी स्पॅनिशकडूनच उचलला. आपली रोजची 'कार' त्याच कुळातली. फार काय, अर्कचित्राला 'कॅरिकेचर' म्हणतात, तेही इटालियनमधील 'ओझे लादणे' या क्रियापदावरून. नाकडोळ्यांवर जास्तीचा भार टाकून काढलेले चित्र ते कॅरिकेचर.

म्हणजे सगळ्या अर्थांच्या मुळाशी आहे एक ओझ्याने लादलेली गाडी. बंदुकीत दारू भरणे हे ओझे. खात्यावर रक्कम टाकणे हे ओझे. माणसावर काम सोपविणे हे ओझे, आणि त्याच्यावर आरोप ठेवणे हेही ओझेच.

आता आपल्या भाषेकडे पाहा. आपला 'भार' हा शब्द काय वेगळे करतो? कार्यभार, पदभार, करभार, ऋणभार, प्रभार, प्रभारी अधिकारी. गवताचा भारा. वीज जाण्याला महाराष्ट्रात भारनियमन म्हणतात. उपकाराचे ओझे वाटते म्हणून आपण आभार मानतो. संस्कृतात या साऱ्यांचा धातू 'भृ'. त्याचा अर्थ वाहणे, धारण करणे आणि पोसणेही. भरणपोषण, भर्ता, भृत्य हे त्याचेच गोत. म्हणजे ज्या धातूपासून भट्टीचे 'भरण' निघते, त्याच धातूत मुलाचे 'भरणपोषण'ही आहे. रोमची गाडी आणि आपला धातू यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण ओझे आणि जबाबदारी यांचे नाते दोन्हीकडच्या माणसांना सारखेच दिसले. कोश चाळता चाळता असे काही सापडले की मन प्रसन्न होते.

बडोद्याने केलेला उद्योग

हा प्रश्न काही आजचा नव्हे, आणि आपल्या बडोद्याला तर मुळीच नवा नाही. येथील राजघराण्याची भाषा मराठी, बहुसंख्य प्रजेची गुजराती, जुन्या दप्तरात फारसीची सरमिसळ आणि रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार इंग्रजीत. अशा राज्यात एक हुकूम काढावयाचा म्हणजे चार भाषांची उठाठेव. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढे १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. प्रजा शिकली की ती सरकारी कागद वाचणार, आणि वाचणार तर तो तिला कळला पाहिजे, हे ओघानेच आले. त्यांच्याच प्रेरणेने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश बडोद्यात प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी शब्दांसाठी गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतील शब्द दिले आहेत. इंग्रजी धरून आठ भाषा! आज ज्याला आपण तौलनिक परिभाषा म्हणतो, तिचा पाया आपल्या गावात त्या काळी घातला गेला, याचा अभिमान आपल्याला असावयास हवा.

त्याही मागे जावयाचे तर शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेला 'राज्यव्यवहारकोश' आहे. त्याने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. इंग्रजी अमलात मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि मेजर कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि पुढे पदनाम कोश व शासन व्यवहार कोश असे ग्रंथ त्याने सिद्ध केले. तीनशे वर्षांत राज्ये बदलली, पण 'या शब्दाला आपला शब्द कोणता?' हा प्रश्न प्रत्येक राज्याला पडलाच.

या सर्व प्रवासात 'चार्ज' या अर्थाचा आपला जुना शब्द कोणता होता, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. तो 'हवाला'. किल्ला ज्याच्या हवाली, तो हवालदार. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे प्रमुख अधिकारी असत, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. म्हणजे हवालदार हा अक्षरशः 'चार्ज असलेला अंमलदार'. आज पोलीस चौकीवर बसलेल्या हवालदाराला आपल्या हुद्द्याचे हे पूर्वसंचित कोणी सांगितले तर तो चकित होईल! गुजरातीने मात्र हा शब्द मूळ अर्थाने जपला. आमच्या कचेऱ्यांत आजही एकाकडून दुसऱ्याकडे 'हवालो' सोपविला जातो. आरोपपत्राला गुजरातीत 'तहोमतनामुं' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही आळ या अर्थी 'तोहमत' होतीच.

शेजारच्या भाषांची ही जवळीक कधी कधी फसवीही ठरते. विजेच्या 'चार्ज'ला मराठी पाठ्यपुस्तक प्रभार म्हणते, गुजराती विद्युतभार म्हणते आणि हिंदी म्हणते आवेश. एकदा हिंदी माध्यमातून आमच्याकडे आलेल्या एका मुलाने वर्गात उभे राहून गंभीरपणे सांगितले की इलेक्ट्रॉनवर ऋण आवेश असतो. मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे दंड थोपटून उभा ठाकलेला इलेक्ट्रॉन आला आणि वर्गात हशा पिकला. तो मुलगा रडवेला झाला. मी मुलांना विचारले, "हिंदीत 'शिक्षा विभाग' म्हणजे शिक्षण खाते. मग आपली मराठी मुले त्या पाटीखालून घाबरत जातात का?" हशा थांबला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी दुसऱ्याच्या शब्दाला हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हा धडा त्या दिवशी मुलांना मिळाला. पण मला तो फार आधी आणि फार महाग मिळाला होता.

माझ्या हातून घडलेले

गोष्ट १९९६ सालची आहे. मी नुकताच शिक्षक झालो होतो. एम.ए.ची पदवी अजून नवी होती, आणि तिचा थोडा तोराही होता. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे काका म्हणत. वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात ते मदतनीस होते. मराठी आणि गुजराती त्यांना लिहितावाचता येई, इंग्रजी नाही. एके दिवशी संध्याकाळी ते एक टंकलिखित पत्र घेऊन आले.

"सर, जरा वाचून सांगा. साहेबांनी हातात दिलं, पण काय आहे ते कळेना."

पत्र चार ओळींचे. त्यात हत्यारांच्या कोठाराच्या 'चार्ज'चा उल्लेख होता आणि त्यासंबंधीचे 'स्टेटमेंट' तीन दिवसांत सादर करावे, असे म्हटले होते. मी एका नजरेत वाचले आणि शिक्षकी आवाजात सांगून मोकळा झालो, "काका, हत्यारांच्या कोठारासंबंधी तुमच्यावर आरोप आहे. तीन दिवसांत लेखी जबाब मागितला आहे."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, सहा महिन्यांपूर्वी मुलीच्या सायकलीसाठी एक पाना घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवला. कोणाला विचारलं नव्हतं, एवढी चूक झाली."

मी त्यांना धीर दिला. म्हणालो, खरे ते लिहून टाका, माफी मागा, साहेब समजून घेतील. मीच बसून सुबक इंग्रजीत तो माफीनामा लिहिला. काकांनी खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी तो देऊन आले.

आठ दिवसांनी काका आले ते हातात दुसरे पत्र घेऊन. कोठाराचा 'चार्ज' दुसऱ्या एकाकडे देण्यात आला आहे, असे त्यात होते. मी चमकलो. पहिले पत्र मागवून पुन्हा वाचले. त्यात आरंभीच 'अमुक तारखेपासून' असे स्पष्ट शब्द होते. ते मी कचेरीतली पोकळ शब्दयोजना म्हणून ओलांडून गेलो होतो. आरोप हा काही पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होत नसतो! सुरू होतो तो कार्यभार. जुना कोठारपाल निवृत्त होत होता आणि साहेबांनी काकांचा प्रामाणिकपणा पाहून कोठार त्यांच्या हवाली करण्याचे ठरविले होते. 'स्टेटमेंट' म्हणजे जबाब नव्हे. कोठारात काय काय आहे त्याचा तक्ता. त्यांना बढती मिळत होती, आणि मी त्यांच्याकडून गुन्ह्याची कबुली लिहून घेतली. ज्याने हत्यार घरी नेल्याचे स्वतःच लिहून दिले, त्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या कोण देणार? त्यात त्या साहेबांचा काय दोष?

मी काकांना सारे खरे सांगितले. साहेबांना भेटून उलगडा करतो, असेही म्हणालो. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आता नको, सर. पुन्हा कागद, पुन्हा प्रश्न. आणि पाना नेला होता हे तर खरंच होतं ना?"

मी आग्रह धरावयास हवा होता. धरला नाही. खरे सांगावयाचे तर साहेबांपुढे जाऊन 'मराठीच्या एम.ए.ने पत्र चुकीचे वाचले' असे म्हणण्याची मला लाज वाटली. काका पुढे मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. पण माझ्या मनाला लागून राहिली ती गोष्ट वेगळीच. त्यानंतरही त्यांच्याकडे आलेले प्रत्येक इंग्रजी पत्र ते माझ्याकडेच आणीत. आणि मी प्रत्येक पत्र दोनदा वाचल्याशिवाय तोंड उघडत नसे.

शेजार पाहावा

त्या अनुभवातून मी जे शिकलो, ते एवढेच की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांना विचारावा. स्थळ पाहावयास गेल्यावर वडीलधारी माणसे शेजारपाजारी चौकशी करतात, तसेच हे. शब्दाच्या मागेपुढे तारीख आहे का? रक्कम आहे का? पदाचे नाव आहे का? कायद्याचे कलम आहे का? तारखेपासून सुरू होतो तो कार्यभार. रुपयांत मोजला जातो तो आकार किंवा शुल्क. कलमाखाली येतो तो दोषारोप. धन किंवा ऋण असतो तो प्रभार. कोश आपल्याला उमेदवारांची यादी देतो; निवड वाक्य करते. आणि वाक्यही संदिग्ध असेल, तर लिहिणाऱ्याला विचारण्यात कसली नामुष्की? मी त्या दिवशी काकांना एवढेच म्हणालो असतो की, "काका, उद्या साहेबांना विचारा, हे कशाबद्दल आहे," तर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले असते.

ही सारी कथा मी त्या रविवारी माझ्या विद्यार्थ्याला सांगितली. मी मनमोकळे का हसलो नाही, हे त्याला कळले. मग आम्ही पुस्तिकेतील सातही वाक्ये एकेक करून काढली. प्रत्येक 'चार्ज'पुढे आधी मराठी शब्द लिहिला: प्रभार, विनामूल्य, प्रभारी कर्मचारी, वाहतुकीचा आकार, असे. मराठीत अर्थ उलगडला की कोशातील स्पॅनिश शब्द निवडणे सोपे झाले. 'कार्गा' कोठे आणि 'कार्गो' कोठे, हे त्याला आपोआप दिसू लागले. पाण्याचा तळ दिसावा तसा परक्या भाषेचा प्रश्न आपल्या भाषेतून स्वच्छ दिसतो, याची ही प्रचीती. तरीही जाताना मी त्याला बजावले की, छापण्यापूर्वी ज्याची मायबोली स्पॅनिश आहे अशा एखाद्या माणसाच्या नजरेखालून हे घाल. कोश आणि आपण, दोघेही चुकू शकतो.

कोश मिटता मिटता त्यातील आणखी एका वाक्प्रयोगावर बोट थांबले. स्पॅनिशमध्ये 'आसेर्से कार्गो' म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे, आपण ज्याला चार्ज घेणे म्हणतो तेच. पण त्याच शब्दांचा आणखी एक अर्थ दिला होता: दुसऱ्याची स्थिती समजून घेणे. दुःखी माणसाला तिकडे लोक त्याच शब्दांनी सांगतात, तुमची अडचण माझ्या ध्यानात आली. ज्याने ओझे उचलले त्यालाच ते कळले, असा त्या लोकांचा हिशेब दिसतो.

काही वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतला, तेव्हा जनरल रजिस्टर, डेड-स्टॉक रजिस्टर, कपाटांच्या किल्ल्या असे सारे मोजून घेतले आणि खाली सही केली. सही करताना हात क्षणभर थांबला होता. काका तोवर निवर्तले होते. त्यांचे ते पहिले पत्र मात्र त्यांनी माझ्याकडेच राहू दिले होते. ते आजही माझ्या मेजाच्या खणात आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही कोणी ना कोणी इंग्रजी कागद घेऊन येत असेल. मोलकरीण बँकेचे पत्र आणील, शेजारचे आजोबा निवृत्तिवेतनाचा कागद आणतील. तो कागद हातात घ्याल तेव्हा पहिल्या ओळीपासून तारखेसकट सगळा वाचा, आणि शंका आली तर 'मला नक्की कळले नाही' असे म्हणण्यास कचरू नका. समोरचा माणूस आपला भार आपल्यावर टाकून निर्धास्त उभा असतो.